हलत्या चित्रातली आत्या

शहरातल्या माणसाला आमचा कळवळा आला की माझ्या अंगावर काटा येतो. शिवी दिली तर उलटून शिवी देता येते. कळवळ्याला काय द्यायचं? समोरचा डोळे ओले करून उभा असतो आणि आपण ब्र काढला तर कृतघ्न ठरतो. मी जन्मभर मास्तरकी केली. तपासणीला आलेले साहेब पाहिले, मतं मागायला आलेले पाहिले, पण एवढा खर्च करून, एवढ्या प्रेमाने आमचं वाटोळं केलेलं मी एकदाच पाहिलं. तो एक सिनेमा होता. माणसांचा नव्हे, चित्रांचा. काढलेली चित्रं पडद्यावर चालायची, बोलायची, रडायची. त्यात माझी आत्या होती.

महाराष्ट्र होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मला नुकतीच नोकरी लागली होती, आणि नशिबाने ती मेहकरच्या पलीकडे, आत्याच्याच गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत. मी तिच्याकडेच राहायचे. आत्या उंच, काळी, हाडापेराने मजबूत. आवाज असा की ती कापूस वेचायला गेली की शेजारच्या शेतातल्यांना जागच्या जागी बातम्या मिळायच्या. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, ते अगदी उलट. अंगाने काडी, बोलणं त्याहून कमी. हंगामात सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायचे, एरवी ओट्यावर बसून बिडी ओढायचे आणि आत्याचं ऐकून घ्यायचे.

गावात एक सरकारी विहीर होती. सरकारी म्हणजे सगळ्यांची, असं तिच्या कठड्याजवळच्या पाटीवर लिहिलं होतं. गावात जे वाचणारे होते त्यांनी ती पाटी न वाचायचं ठरवलं होतं. आमच्या वस्तीतल्या बायका नदीच्या वाळूत खड्डा करून पाणी झिरपायची वाट पाहत बसायच्या. नागपूरहून दीक्षा घेऊन माणसं परत आली, घरातले देव पाण्यात गेले, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं, पण पाणी मात्र वाळूतलंच राहिलं. मी तिथे जायच्या आधी दोनेक वर्षं, एका सकाळी आत्या घागर आणि दोर घेऊन उठली, सरळ विहिरीवर गेली, कठड्यावर पाय रोवला आणि पाणी शेंदलं.

मग जे व्हायचं ते झालं. गावाने त्या विहिरीकडे पाठ फिरवली. वस्तीतल्यांची मजुरी बंद झाली. मामाजींना जिनिंगच्या वाटेवर अडवून दम दिला. पण दुसरी विहीर लांबच्या मळ्यात होती, आणि इकडे बोंडं फुटून कापूस खाली पडायला लागला तरी वेचायला माणसं मिळेनात. कमरा दुखायला लागल्या तसा गावाचा विटाळ उतरत गेला. दिवाळीपर्यंत सगळ्या बायका पुन्हा त्याच विहिरीवर होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण ज्याचं पाणी त्याने काढायचं एवढं ठरून गेलं होतं.

आत्याला एकच लेक. ती देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यात दिली होती आणि तिथली विहीर अजून बंद होती. लेक रोज नाल्यावरून पाणी वाहत होती. आत्याचा सगळा जीव तिथे टांगलेला. आपल्या गावात ती वाघीण होती, पण लेकीच्या सासरी तिला तोंड उघडता येत नव्हतं. "मी तती जाऊन भांडली तं लोक तिले नांदू देतीन काय?" असं ती म्हणायची. जावई गरीब स्वभावाचा, गावात आपल्या लोकांची घरं चार-पाच. त्यांच्याने काही होणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

अशात पुण्याच्या एका साप्ताहिकाने एक चित्रकार आमच्या गावी पाठवला. दर आठवड्याला खेड्यातलं एक चित्र आणि खाली चार ओळी, अशी मालिका चालू होती. हे गृहस्थ बरे होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या तोंडून फारसं कुणाबद्दल बरं निघणार नाही. ते शाळेत उतरले, गुळाचा काळा चहा कुरकुर न करता प्यायले आणि जे दिसलं ते काढत बसले. सरपंचाचे बैल काढले, बांगड्या भरणारे मणियार चाचा काढले, माझ्या शाळेतली शेंबडी पोरं शेंबडासकट काढली. मग त्यांना कुणीतरी विहिरीची हकिकत सांगितली, आणि ते आत्याला शोधत वस्तीत आले.

आत्या त्यांना ओट्यावर बसवून आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. आली तेव्हा तिने पांढरं लुगडं नेसलेलं होतं. आमच्यात पांढरं म्हणजे मानाचं. वंदनेला, जयंतीला, लग्नाला बायका पांढरं नेसून निघतात. आत्याचं हे दीक्षेच्या वेळचं, ट्रंकेत लिंबाचा पाला घालून जपलेलं. चित्रकार म्हणाले, "बाई, रोजचंच असू द्या की."

"रोजच्या लुगड्यावर फोटू कोन काढते?" आत्या म्हणाली. "गाव पाहीन. माही लेक पाहीन."

त्यांनी मुकाट्याने काढलं. मी ते चित्र तयार होताना पाहिलंय. कठड्यावर रोवलेला पाय, दोन्ही हातांत दोर, मनगटावर बांगड्या, मान विहिरीत वाकलेली आणि पाठीवरून सरळ खाली आलेला पांढरा पदर. खालच्या ओळींत त्यांनी लिहिलं की या विहिरीवर आता सगळे पाणी भरतात आणि पहिली घागर या बाईंनी काढली. अंक आला तेव्हा आत्याने त्या ओळी मला इतक्या वेळा वाचायला लावल्या की मामाजींनाही पाठ झाल्या. चित्र तिने खळ लावून भिंतीवर डकवलं. दुसरा अंक लेकीकडे पाठवला. तिच्या गावच्या लोकांनी तो पाहिला आणि हसून परत दिला. कागदावर काय, कुणीही काहीही काढतं, असं म्हणाले.

म्हणून जेव्हा कळलं की मुंबईची एक कंपनी या मालिकेवरून सिनेमा करणार आहे, हलत्या चित्रांचा, आणि तो गाडीत घालून जिल्ह्यातल्या गावागावांत दाखवणार आहे, तेव्हा आत्याचे पाय जमिनीवर ठरेनात. कागदावरचं खोटं म्हणतात तर म्हणू देत. पडद्यावर आत्या हाताने पाणी शेंदताना दिसली, दोर सरसर वर येताना दिसला, की लेकीच्या गावाला काय तोंड राहणार होतं? ती हिशेबच मांडून बसली होती. सिनेमा एकदा लेकीच्या गावी पोचला की तिथली विहीर उघडलीच.

कंपनीची दोन माणसं अभ्यास करायला आली. हा त्यांचाच शब्द. काळा चष्मा घातलेले एक साहेब आणि संवाद लिहिणाऱ्या एक बाई. ती जीपमधून उतरली ती सरपंचाच्या ओसरीवर, आणि जाईपर्यंत तिथून फारशी हलली नाहीत. सरपंचाच्या घरी पुरणपोळी झाली. मणियार चाचांना बोलावलं नाही, आत्याला बोलावलं नाही. जातीने फक्त सरपंचाचे बैल जाऊन पाहिले. शाळेत मात्र ती आली, कारण शाळा वाटेवर होती.

बाईंना वऱ्हाडी ऐकायची होती. "काहीतरी गमतीदार बोला ना," त्या मला म्हणाल्या, जशी काही आमची भाषा गुदगुल्या करायलाच जन्मली. मी म्हटलं, आम्ही तिच्यात रडतोही. त्या म्हणाल्या, "हो का? पण गमतीदारच सांगा." मग पोरांनीच त्यांना सांगितलं. काऊन बे, कुठी चालला? मी नाई येत, जाय तिकडं. मले भूक लागून राह्यली. बाई हसून हसून लिहून घेत होत्या. निघताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं मराठी मात्र किती शुद्ध आहे हो. तुम्ही अगदी आपल्यातल्याच वाटता."

"शाळा सुटली की अशुद्ध होते," मी म्हटलं. त्यांना तो विनोद वाटला. मी त्यांना सांगितलं की विहिरीच्या चित्रातली बाई माझी आत्या, घर इथून चार पावलांवर, या भेटायला. "हो हो, वेळ झाला की येतोच," असं साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. आत्या त्या दिवशी मजुरीला गेली नाही. चहाचं आधण संध्याकाळपर्यंत चुलीवर होतं. जीप गेल्याचा आवाज आला तेव्हा मामाजींनी उठून जाळ ओढला.

पुढचं वर्ष-दीड वर्ष आत्याने त्या सिनेमावर काढलं. त्यात लेकीला दिवस गेले, आणि आता सातवा लागायच्या आत सिनेमा तिच्या गावी पोचायला हवा होता. नात्यागोत्यात निरोप गेले. ज्यांना सिनेमा म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांना ती समजावून सांगायची की आपलं एक चित्र असते, मंग दुसरं, मंग तिसरं, अन् ते भरभर दाखोलं का मानूस हालते. हे तिला चित्रकारांनी सांगितलेलं. मामाजी विचारायचे, मी दिसीन काय त्याच्यात? आत्या म्हणायची, तुमी विहिरीवर कधी आले होते?

शेवटी गाडी आली. आमच्या गावावरून सगळं सुचलं म्हणून जिल्ह्यात आधी आमच्याच गावात दाखवायचं होतं. साहेब आणि बाई सोबत होते. शाळेच्या मैदानात दोन कडुलिंबांच्या मध्ये पडदा ताणला. दिवेलागणीपासून माणसं जमली. पुढे खुर्च्यांवर सरपंच आणि पाहुणे, मागे गाव, डावीकडे आमची वस्ती. वस्तीला कुणी डावीकडे बसा असं सांगितलं नव्हतं, ती आपली बसली. आत्या पांढरं लुगडं नेसून वस्तीत सगळ्यांत पुढे होती, तिच्याजवळ मामाजी, आणि मी.

पहिल्याच चित्रात गाव दिसलं आणि त्यात नारळाची झाडं होती. आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो, झाडाला लागलेला मी नोकरीनंतर कोकणात सहलीला गेले तेव्हा पाहिला. घरं उतरत्या कौलांची, अंगणात सुपारी. लोक सगळे गोरे, गुलाबी गालांचे, जणू आमच्या उन्हाला त्यांचा पत्ताच लागला नव्हता. सरपंच उंचापुरा, दयाळू, पुण्यात बोलतात तसं बोलणारा. आमचा सरपंच खुर्चीत सरळ होऊन बसला. त्याला एक मुलगी दाखवली होती, मोठ्या डोळ्यांची, तीच सिनेमाची नायिका. खऱ्या सरपंचाला मुलगी नव्हती, पण त्याने ती ताबडतोब मान्य केली.

बांगड्या भरायचा प्रसंग आला तेव्हा मणियार चाचा मान उंच करून बघायला लागले. पडद्यावर त्यांचे फक्त हात आले. दोन हातांनी बांगड्या चढवल्या आणि ते निघून गेले. बाकीचे चाचा कुठे गेले ते कंपनीलाच ठाऊक. आणि वऱ्हाडी? ती होती. पण गावातल्या एकाही माणसाला ती दिली नव्हती. सिनेमात एक गाढव होतं, गंमत करायला घेतलेलं, ते तेवढं वऱ्हाडी बोलायचं. काऊन बे, कुठी चालला? माझ्या शाळेतल्या पोरांची वाक्यं एकामागून एक त्या गाढवाच्या तोंडून येत होती. पोरं खूष झाली, आपलं बोलणं ओळखून टाळ्या पिटायला लागली. मी त्यांची शिक्षक होते आणि मला त्यांना गप्प बसवावंसं वाटत होतं, पण काय सांगून गप्प बसवणार.

मग विहीर आली. आत्याने माझा हात धरला. तिची पकड दोर ओढणाऱ्या माणसाची होती, माझी बोटं दुखली. आधी सारंगी सुरू झाली. त्या वेळेपर्यंत सिनेमात सारंगी कुठेच नव्हती. विहिरीवर सगळ्या गोऱ्या बायका पाणी भरत होत्या, आणि लांब, बाभळीखाली, एक वाकलेली बाई फुटकं मडकं घेऊन उभी होती. काळी ती एकटीच. पांढरं लुगडं. नाक आत्याचं होतं, ते हुबेहूब उचललं होतं. बाकी उंची गेली होती, खांदे गेले होते, पाय रोवणं गेलं होतं. आणि मनगटं मोकळी होती. एक भारदस्त आवाज सांगायला लागला की ही अभागिनी, बालपणीच विधवा झालेली, गावाने दूर लोटलेली, पाण्याच्या एका थेंबासाठी तळमळते आहे.

सरपंचाच्या मुलीला हे बघवलं नाही. तिच्या डोळ्यातून लिंबाएवढा अश्रू पडला. ती धावली, तिने दोर घेतला, स्वतः पाणी शेंदलं, आणि वरून, हातभर उंचीवरून, त्या विधवेच्या मडक्यात धार धरली. विधवेने हात जोडले. नारळाच्या झाडांवर पक्षी गायला लागले. गाढवसुद्धा रडलं. खुर्च्यांतून टाळ्या सुरू झाल्या आणि मागच्या गावाने त्या उचलल्या.

आमच्या बाजूला मामाजी कुणाकडेही न बघता म्हणाले, "मी कधी मेलो बे?"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी वस्ती हसायला लागली. मामाजी पण हसले. आत्या हसली नाही. तिने माझा हात सोडला होता.

दिवे लागल्यावर साहेब आणि बाई लोकांत फिरायला आले. सिनेमा कसा वाटला असं विचारत होते आणि उत्तर येण्याआधीच मान डोलवत होते. आमच्यापाशी आले तेव्हा मामाजी उभे राहिले, टोपी नीट केली. "चांगला हाये," ते म्हणाले. "फकत मी मेलो कधी तेवढं सांगा साहेब."

मला हसायला आलं नाही. मी बाईंना सांगितलं. पांढरं आमच्यात विधवेचं नसतं, मानाचं असतं. हे बघा, हे तिचे यजमान, चालते-बोलते. बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अय्या, आम्हाला कल्पनाच नव्हती." मी म्हटलं, "मूळ चित्रात तिच्या हातात बांगड्या होत्या. त्या दिसल्या नाहीत तुम्हाला?"

"दिसल्या ना," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर काढून टाकल्या. विधवेच्या हातात बांगड्या कशा दाखवणार?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतेय. नाही लावलेलं. चूक त्यांच्या समोर, चित्रात, मनगटावर बसून त्यांना सांगत होती की ही चूक आहे. त्यांनी चूक ठेवली आणि बांगड्या पुसल्या. शिकलेल्या माणसाचा मला तेव्हापासून जो वीट आला तो मी स्वतः शिकलेली असूनही गेला नाही.

"पण भावना पोचली ना?" बाईंनी विचारलं. "बघा, लोक किती रडले."

तेवढ्यात आत्या पुढे आली. मला वाटलं, आता विधवेवरून काढते यांची सालटी. पण तिला त्याचं काहीच पडलं नव्हतं. "रांडव केलं तं केलं," ती म्हणाली. "हे म्हातारं काई त्यानं मरत नाई. पन माह्या हातातला दोर काऊन काढला?"

बाईंना कळलं नाही. मी शुद्ध मराठीत सांगितलं. तेव्हा साहेबांनी चष्मा काढला आणि समजावून सांगितलं की बाई, गोष्ट चढत जायला हवी. सवर्ण मुलीचं हृदयपरिवर्तन, हाच तर सिनेमाचा कळस आहे. तुम्ही स्वतःच पाणी काढलंत तर परिवर्तन कुणाचं दाखवणार? त्यात समतेचा संदेश आहे, दिल्लीपर्यंत लोकांना आवडलंय. म्हणजे परिवर्तन तिचं, सिनेमा तिचा, रडायचं तेही तिनेच. आत्याने फक्त तहान पुरवायची. असं मी बोलले नाही. मनात जुळेपर्यंत ते पुढच्या माणसाकडे गेले होते.

"मंग बदलून टाका," आत्या त्यांच्या पाठीमागून म्हणाली. "आजून बाकीच्या गावात जाचं हाये ना?"

साहेब वळून हसले. अशी हजारो चित्रं असतात, एकेक हाताने काढलेलं. आता कसं बदलणार? ते खरंच असेल. पण बांगड्या पुसायला कुणाचा हात दुखला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबरोबर विहिरीवर गेले. सरपंचाची सून तिथे होती. एवढ्या वर्षांत ती आत्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आज ती गोड हसली. तिच्या डोळ्यांत काल रात्रीचा सिनेमा अजून चालू होता. "मावशी, घागर ठेवा खाली," ती म्हणाली. "मी भरून देते तुमाले."

आत्याने तिच्याकडे बघितलं. "तुही कंबर दुखन बाई," ती म्हणाली. "सरक थोडी." आणि पाय रोवून पाणी काढलं. सुनेचा चेहरा पडला. तिने घरी जाऊन सांगितलं की या लोकांशी चांगलं वागून उपयोग नाही. आता मला तिची कीव येते, तेव्हा आली नव्हती.

वाटेत आत्या मला म्हणाली, "गाडी देऊळगावकडं कधी जाते ते इचार." गाडी कुठल्या दिवशी कुठे हे सरपंचालाही नीट माहीत नव्हतं. चौकशी करून कळलं की ती चिखलीकडून फिरून तिकडे जाईल. आत्याने ठरवलं की गाडीच्या आधी आपण पोचायचं. नांदू देतीन का, हा प्रश्न तिने आता स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं. लेकीच्या विहिरीवर दिवसाउजेडी जायचं, गावासमोर पाणी काढायचं, लेकीला काढायला लावायचं. मग दाखवा म्हणावं तुमचा सिनेमा. माझी सुट्टी यायला रविवार उजाडावा लागला. मेहकरहून देऊळगाव राजाची बस धरली, तिथून पुढे पायी निघालो. ऊन चढलं होतं. आत्या इतकी भराभर चालत होती की मला धावावं लागत होतं.

गाव लागलं आणि शाळेच्या मैदानात मी आधी दोन काठ्या पाहिल्या. पडदा बांधायला पुरलेल्या, मध्ये रिकाम्या. एका माणसाला विचारलं, तो म्हणाला, परवाच झाला, लय झकास होता, गाढवानं मजा आनली. आत्याची चाल मंदावली.

लेक ओट्यावर बसली होती. पोट चांगलं दिसत होतं, चेहरा मात्र मी मागे पाहिला होता त्यापेक्षा उजळ होता. आईला बघून ती उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. स्वच्छ, गार पाणी. नाल्याचं असं नसतं. आत्याने तांब्या तोंडाला लावला आणि मध्येच थांबली.

"हे कुठलं?"

"विहिरीचं," लेक म्हणाली. तिचा आनंद लपत नव्हता. "सिनेमा झाला ना परवा, तवापासून देऊन राह्यले. पाटलाची सून सोता शेंदते, अन् वरून वतते माह्या घागरीत. अगदी सिनेमातल्यावानी. आता नाल्यावर जाचं कामच नाई."

"अन् तू काय करतं?"

"मी? मी बाभळीपाशी उभी राह्यते. हाक मारली का जाते." ती आईजवळ बसली आणि हसून म्हणाली, "पाय माय, तुले केवढं भांडा लागलं होतं. मले नुसते हात जोडा लागते."

आत्याने अर्धा भरलेला तांब्या खाली ठेवला.